जुनी एमजीबी घ्यावी का?

रविवार, रात्री

भाच्याने शेवटी विचारलंच. बर्मिंगहॅमला नोकरी लागल्यापासून त्याच्या डोक्यात जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घोळतेय, आणि माझ्या एमजीबीत फिरून त्यात भरच पडली. "मामा, आडपडदा न ठेवता सांग. घेऊ की नको?" घे, असंच मला वाटतं. पण कुणी घ्यावी आणि काय बघून घ्यावी याबद्दल मी हट्टी आहे, आणि आज त्याच्याबरोबर एक गाडी बघून आल्यावर तो हट्ट आणखी पक्का झालाय.

पैशांचा विषय आधी उरकतो. पैसे वाढतील म्हणून घ्यायची असेल तर मुळीच घेऊ नये. एमजीबी दुर्मीळ नाही. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. आली तेव्हा तिची किंमत करासकट ९५० पौंडांच्या आसपास होती, म्हणजे बऱ्यापैकी पगार असलेल्या तरुणाला झेपेल अशी. ती श्रीमंतांची गाडी कधीच नव्हती, आजही नाही, आणि मला ती आवडण्याचं हे एक कारण आहे. एवढ्या संख्येने बनल्यामुळे भावही फार चढत नाहीत आणि सुटे भागही मिळतात. रबरी वॉशरपासून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत जे हवं ते आज मागवलं की दोन-तीन दिवसांत घरी येतं. ऑक्सफर्डशायरमध्येच विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेजवाले जुनेच साचे (डाय) वापरून आख्खी नवी बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, बनवतात, १९८८ पासून. दहा वर्षं जुन्या साध्या हॅचबॅकचा एखादा भाग मिळवताना मला यापेक्षा जास्त त्रास झालेला आहे.

(पुण्याहून कुणाचा व्हिडिओ कॉल आला की हमखास विचारतात, ती हेक्टरवाली एमजी का? बिल्ला तोच अष्टकोनी, नाव तेच. मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डच्या दुकानाचं नाव फिरत फिरत एका चिनी कंपनीकडे गेलं आणि २०१९ मध्ये भारतात आलं. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना मात्र १९८० मध्येच बंद झाला.)

आता आजच्या गाडीबद्दल. स्ट्रॅटफर्डच्या पुढे एका गावात होती. लालभडक, क्रोमचे बंपर, तारेची चाकं. उन्हात अशी झळकत होती की भाचा गेटमधूनच हरखला. विकणारा इंजिन सुरू करून दाखवत होता आणि इंजिन खरंच छान होतं. पण एमजीबीत इंजिन शेवटी बघायचं. १७९८ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन लोखंडी, साधं आणि दणकट आहे. बिघडलं तर उघडता येतं, आणि पार खलास झालं तरी दुसरं मिळतं. पैसा खातो तो पत्रा.

या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यात वर छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बहुतेक काम दारांखालच्या दोन सिलकडे येतं. सिल म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी, आत आणखी एक उभा पत्रा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर पुढच्या चाकामागून त्या पोकळीत शिरतं आणि आतून कुरतडत राहतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आत गंजून पिठी झालेली असते.

मी खिशातून चुंबक काढला. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून तो मऊ कापडात गुंडाळलेला असतो. दारावर लावला, पटकन धरला. दाराखाली सिलवर पुढून मागे सरकवत नेला. पुढे धरला, मध्ये ढिला पडला, मागच्या चाकाच्या अलीकडे चक्क हातातून सुटून खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारलेला. मग भाच्याला दाराची फट बघायला सांगितली. खाली बोट सहज जात होतं, वर जेमतेम नख. म्हणजे गाडी मधून बसलीय. दार मिटताना कोपरा घासत होता ते त्याला आता दिसलं, आधी रंगच दिसत होता. हे सगळं नीट करायचं म्हणजे पुढच्या आणि मागच्या मडगार्डांचा खालचा भाग कापून, गाडी वाकणार नाही असे आधार देऊन, तिन्ही पत्रे नव्याने जोडायचे आणि मग रंग. त्या खर्चात दुसरी चांगली एमजीबी येते. परतीच्या वाटेवर तो गप्प होता. त्याचं मन मोडलं याचं मलाही वाईट वाटलं, पण त्या गाडीत त्याला बसवायला माझी तयारी नाही.

कारण सुरक्षिततेचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. सांगाडाच कुजका असेल तर उरलं काय? चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ आहे, आणि २०१८ पासून मोठा फेरबदल नसेल तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. लोक हे फायदे म्हणून सांगतात. टॅक्सचा फायदा मी खुशाल घेतो. तपासणी मात्र माझ्या १९७० च्या गाडीची मी दरवर्षी पैसे भरून करून घेतो. लिफ्टवर चढवून परक्या माणसाने खालून टॉर्च मारून बघावं, यातच शहाणपण आहे. भाच्याला हे अटीसारखं सांगितलंय.

विमा स्वस्त पडतो, पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, २०२१ पासून पंपावर इथेनॉल जास्त असल्याने रबरी नळ्या एकदा बदलून घ्यायच्या. ही किरकोळ व्यवधानं, यात विशेष काही नाही.

मग घ्यायची कशासाठी? नुसतं छप्पर उघडून वळणाच्या रस्त्याने जाण्याची हौस असेल तर माझदाची एमएक्स-५ घ्यावी, हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. १९८९ मध्ये जपान्यांनी जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा, विशेषतः लोटस एलानचा, बारकाईने अभ्यास करून ती बनवली. पावसात गळत नाही, सकाळी एका सेल्फला सुरू होते, एमजीबीपेक्षा वेगवान आहे आणि वळणांवरही सरस. फक्त चालवण्यापुरतं बोलायचं तर वाद तिथेच संपतो.

माझं कारण बॉनेटखाली आहे. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे दोन एसयू कार्बोरेटर शेजारी शेजारी बसलेले. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एअर फिल्टर काढायचे, रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. सूंऽऽ असा आवाज दोन्हीकडे एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. मग मिश्रण. बाजूची बारीक पिन बोटाने वर दाबली की आतला पिस्टन किंचित उचलला जातो. इंजिन चढून तसंच चढलेलं राहिलं तर पेट्रोल जास्त होतंय, बंद पडायला लागलं तर कमी पडतंय, क्षणभर चढून परत जागेवर आलं तर बरोबर. खालचं नट थोडं वर, थोडं खाली, पुन्हा पिन. पाना, स्क्रूड्रायव्हर, नळी आणि कान, बस्स.

मी गाड्यांच्या कंपनीतच काम करतो. आमच्या नव्या गाडीत काय बिघडलंय ते लॅपटॉप जोडल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, आणि माझ्या विभागाबाहेरचं तर लॅपटॉप जोडूनही नाही. एमजीबी मात्र एक माणूस पूर्णपणे समजून घेऊ शकतो. किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते, कार्बोरेटरच्या छोट्या टाक्या भरत आल्या की मंदावते. मंदावली नाही तर कुठे बघायचं ते मला माहीत असतं. पुढची चाकं ज्यांच्याभोवती वळतात त्या किंगपिनला ग्रीस गन लावली की जुनं काळं ग्रीस बाहेर येतं आणि त्यामागून नवं, आणि स्टेअरिंग हलकं झालेलं त्याच संध्याकाळी हाताला जाणवतं. केलेल्या कामाचं फळ इतक्या लगेच मला नोकरीत मिळत नाही. ही म्हणते, तू गाडी चालवतोस त्याहून जास्त तिच्याखाली असतोस. खरं आहे, आणि मला ते दोन्ही सारखंच आवडतं. ज्याला दुसरा भाग नकोसा वाटतो त्याने ही गाडी घेऊ नये. सगळं काम गॅरेजला देऊन एमजीबी सांभाळणारे लोक मला माहीत आहेत, आणि दोन-तीन वर्षांत कंटाळून विकणारेही बहुतेक तेच.

चालवण्याचं सुखही लिहायला हवं. फॉस वे हा रोमनांनी आखलेला सरळसोट रस्ता आमच्या लेमिंग्टनच्या जवळून कॉट्सवोल्ड्सकडे जातो. मॉर्टन गावाच्या पुढे स्टो गावाचा चढ लागतो. ओव्हरड्राइव्हचं (त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणाऱ्या जोडयंत्रणेचं) बटण बंद केलं की त्याच गिअरमध्ये इंजिन थोडं वर चढतं, तेलाचा काटा स्थिर असतो, आणि सगळं नीट चाललंय हे पायाखाली कळतं. ताशी शंभर मैलांचा वेग कसाबसा गाठणारी गाडी, पण पन्नासला इतकं काही घडत असतं की अजून वेग लागतच नाही.

जेवताना भाच्याने विचारलं, "मग मी हात ग्रीसने काळे करायला तयार आहे असं म्हटलं तर?" मी म्हटलं, आधी दोन-तीन शनिवार ये, आपल्या गाडीचं सर्व्हिसिंग तू कर, मी बाजूला बसतो. वॉरिकजवळ आणखी एक विकायला आहे. हिरवी, रंग पार उडालेला, सीटही फाटक्या, पण मालकाने सिल बदलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवलेत, पावत्यांसकट. ती बघायला जाऊ. चुंबक त्याच्याच हातात देणार आहे, आणि पहिल्या भेटीला पैसे बरोबर घ्यायचे नाहीत, हे त्याने कबूल केलंय.