गरम पाण्याची करामत: पांडवलेणी ते सिन्नर, एका दिवसात

मध्य हिंद महासागरातल्या डोंगररांगेवर, साडेचार हजार मीटर खोल, तळातून उसळणारं गरम पाणी आपल्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात टिपलं, तेव्हापासून माझ्या भाचीला त्याचंच वेड लागलंय. तिथं जाणं आपल्या हातात नाही. पण तापलेलं पाणी काळ्या कातळातून फिरलं की मागे काय ठेवून जातं, हे नाशिकमध्ये डोळ्यांसमोर बघायला मिळतं. म्हणून आम्ही दोघींनी ही फेरी केली.

सुरुवात पांडवलेण्यांपासून करा आणि सकाळी लवकर जा, नंतर पायऱ्या तापतात. सगळे लेण्यांकडे धाव घेतात, तुम्ही वाटेतच कडेचा कातळ निरखा. एका ठिकाणी बोटाच्या पेराएवढी पोकळी होती, आतून पांढरी, आणि टॉर्च तिरका धरल्यावर तिच्यात सुईसारखे बारीक स्फटिक चमकले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात. पुढे कोमट-गरम पाणी खडकातलं सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवत त्या पोकळ्यांत झिरपतं आणि तिथं झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक जमतात. भिंग आणि टॉर्च नक्की न्या. हातोडी मात्र घरीच ठेवा. स्मारक संरक्षित आहे, तिथला कपचाही काढायचा नाही.

मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगा की नाशिकचा लाव्हा जमिनीवर पसरला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. "इथं समुद्र होता" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. समुद्रतळावर लाव्हा बाहेर पडला की त्याची साल क्षणात गोठते आणि उशांसारखे गोळे एकमेकांवर रचले जातात. इथं दिसतात ते आडवे थर. त्र्यंबक रस्त्यावरून अंजनेरीकडे बघितलं तर ते लांबूनही कळतात.

तिथून सिन्नर. एसटी मिळते, पण चौघं असाल तर गाडी बरी. माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय खास खनिजांचं आहे. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारा, फोटोंचं काउंटरवरच विचारून घ्या. पिसाऱ्यासारखा स्कोलेसाइट, पीचच्या रंगाचा स्टिल्बाइट, हिरवट अपोफिलाइट. डोंगरावर भिंगातून शोधावं लागलेलं इथं तळहाताहून मोठं दिसतं, म्हणून आधी डोंगर, मग संग्रहालय हाच क्रम ठेवा.

स्टिल्बाइटच्या कपाटासमोर भाचीनं विचारलं, "मावशी, समुद्रातलं पाणी साडेतीनशे अंशांना उकळत कसं नाही गं?" साडेचार हजार मीटरवर दाब आपल्या इथल्या सुमारे साडेचारशे पट असतो, तो पाण्याची वाफ होऊ देत नाही. तळातल्या भेगांतून आत गेलेलं समुद्राचं पाणी खालच्या शिलारसामुळे तापतं, खडकातलं लोखंड, तांबं, जस्त आणि गंधक घेऊन वर येतं. बाहेरचं पाणी दोनेक अंशांचं. दोन्ही भेटताच धातूंचे सल्फाइड कण काळ्या धुरासारखे उसळतात आणि त्यांच्याच चिमण्या उभ्या राहतात. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ पहिल्यांदा समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे सापडले, तेव्हा सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी अख्खी वस्तीच तिथं दिसली. हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जीवाणू तिचा पाया. आपल्या हिंद महासागरातल्या काइरेई झऱ्यांजवळ तर अंगावर लोहसल्फाइडचे खवले असलेली गोगलगाय राहते. भाची तिथंच खाली बसून वहीत तिचं चित्र काढत राहिली, मीही घाई केली नाही.

संग्रहालयाला निदान दोन तास द्या. जेवण सिन्नरमध्येच उरका. परतताना द्वारका चौकात संध्याकाळी गाड्या तुंबतात, त्यामुळे चारच्या आत निघा. उजेड असेल तर गंगापूर रस्त्यावर सोमेश्वरला गोदावरीनं घासलेला हाच काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, बघता येतो. पावसाळ्यात मात्र कठड्याच्या आतच थांबा, ओला कातळ भयंकर निसरडा असतो.