रविवारी नक्की किती वाजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे एकट्या तुम्हीच नव्हे. पर्वरीहून येणारं ते नवं जोडपं, ऑफिसातल्या मैत्रिणी, आमच्या वहिनी, सगळ्यांचा प्रश्न एकच: "दर रविवारी वेळ बदलते कशाला? साडेसहा म्हणजे साडेसहा, एकदाची ठरवून टाका ना." योगाच्या वर्गाला वेळ ठरलेली, भजनाला ठरलेली. मग पणजीला मांडवी नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, घालायलाच काय धाड भरली आहे?

पहिल्या वर्षी आम्हीही वेळ ठरवली होती. वर्गणी काढून घेतलेल्या सहा कयाक, सतरा-अठरा माणसं आणि दर रविवारी सकाळी सात. तीन रविवार झकास गेले. चौथ्या रविवारी आम्ही पाचजण रुआ द ओरेमच्या खाडीत शिरलो. एका अंगाला फोंतान्याशची निळी-पिवळी घरं, दुसऱ्या अंगाला पाटो. सातला पाणी बेताचं पण पुरेसं वाटत होतं. पाऊण तासाने वल्ह्याबरोबर काळा गाळ वर यायला लागला. "परत फिरूया," म्हणेपर्यंत कयाकचं बूड टेकलं. उतरून ढकलावी तर पाय गुडघ्याच्या वर आत जातो आणि चप्पल आतच राहते. माझी एक अजून तिथेच आहे.

बसून राहिलो. चिखलातून नखाएवढे खेकडे बाहेर आले आणि एकेक मोठी नांगी वर करून, जणू आम्हालाच, हात करायला लागले. पादचारी पुलावर कदंबाच्या बसस्टँडकडे निघालेली माणसं थांबली. एकाने ओरडून विचारलं, शूटिंग आहे का? आमच्यातल्या एकीला चर्चमध्ये मासला जायचं होतं, तिने कयाकमधूनच घरी फोन लावला आणि आपण कुठे आहोत ते काही धड सांगितलं नाही. पाणी परत आलं तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मानेची सालं निघाली ती वेगळीच.

ही हकिगत रायबंदरच्या एका काकांना सांगितली. आयुष्यभर फेरीबोटीवर खलाशी होते. त्यांनी ना हसू दाखवलं ना सहानुभूती. "बाय, आयतारा चवथ आशिल्ली न्हय? पाणी सुकतलेंच," एवढंच म्हणाले. म्हणजे, रविवारी चतुर्थी होती ना, पाणी ओसरणारच. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. मग त्यांनी पाऊणपटीचा हिशेब सांगितला. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मासेमाराला तो येतो, आम्हा पणजीकरांना मात्र कुणी शिकवलेला नव्हता. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन. पहाटे तीनला भरती, त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, तळ. आम्ही सातला खाडीत शिरलो होतो, म्हणजे पाणी घरी निघालेलं असताना पाहुणे म्हणून गेलो.

हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही पाहते. पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नजर टाकून रविवार कसा जाणार ते सांगता येतं, हे काही कमी नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. आठवड्यात हे जवळजवळ सहा तास होतात. म्हणजे या रविवारी ज्या वेळेला काठोकाठ पाणी, पुढच्या रविवारी त्याच वेळेला गाळ. वेळ "ठरवून टाकली" तर महिन्यातले निम्मे रविवार असे जातील.

मग पाणी असेल त्या वेळी जा, दुपारी जा, असंही कुणी म्हणतं. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि मिरामारकडे तोंड करून वल्हवणं म्हणजे व्यायामशाळेतल्या पट्ट्यावर धावणं होतं. शिवाय ऊन. म्हणून सहा ते साडेनऊ एवढीच फट आमची, आणि त्या फटीत पाणी काय करतंय त्यावर बेत.

एकादशीचा रविवार म्हणजे सोन्याहून पिवळं. सव्वाआठला भरती. पावणेसातला पणजीहून निघायचं, पाणीच तुम्हाला वर नेतं. उजव्या हाताला पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला रायबंदरचा रस्ता, पोंत द लिन्यारिश, समोर चोडण बेटाची खारफुटी. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण भरतीला झाडं कमरेपर्यंत पाण्यात उभी असतात तेव्हा त्याला शेवट नाहीसं वाटतं. आम्ही कडेनेच जातो. थोडं थांबायचं, कारण भरती पूर्ण झाली तरी पाणी लगेच वळत नाही, आणि मग ओहोटीबरोबर परत. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-सव्वाअकराला, त्या दिवशी एकतर्फीच जातो: पणजीला पाण्यात उतरायचं, रायबंदरला काठावर चढायचं, कयाक टेंपोतून परत. चवथीला उलटं, रायबंदरहून खाली. आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी, म्हणून नवख्यांना तेव्हा बोलावते. तुम्हाला अष्टमीलाच बोलावलं होतं, आठवतंय?

लोक मांडवीला नदी म्हणतात, आणि ती आहेच, वरच्या अंगाला तिचंच नाव म्हादई. पण पावसाळा सरला की पणजीपुरता तो समुद्राचाच हात. भरतीचा परिणाम मुखापासून ५० किलोमीटरवर गांजेपर्यंत जातो. जून ते सप्टेंबर उलट: गढूळ, गोडं, जोरकस पाणी, आणि आम्ही घरी.

ओढ किती आहे हे कळायला कोष्टक लागत नाही. नांगरलेल्या होड्या बघा. एका नांगरावरची होडी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. कॅसिनोच्या जहाजांपासून मात्र लांब राहा. ओहोटीला पाणी तुम्हाला त्यांच्या अंगावर आणि साखळदंडांवर नेऊन दाबतं, तिथून सुटणं अवघड. बेतीच्या फेरीबोटीला नेहमी आधी जाऊ द्यायचं. आणि पुलाच्या खांबाला हात लावायचा नाही. त्याला कालवं, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेली असतात, पाण्यात असताना काही कळत नाही, घरी आल्यावर तळहातावर ब्लेडने ओढल्यासारख्या चार रेघा दिसतात.

खरं तर माझी तक्रार वेळेबद्दल नाहीच. नदीकाठी चालायला फरसबंदी आहे, दिवे आहेत, सेल्फीसाठी कठडे आहेत. पाण्यात उतरायला धड चार पायऱ्या शोधाव्या लागतात, आणि सापडल्या तर ओहोटीला शेवटच्या तीन उघड्या, शेवाळलेल्या. या शहराने नदी बघायची ठेवली आहे. असो, ते पुन्हा कधी.

तर या रविवारी दशमी. साडेसातला भरती, सव्वासहाला पाण्यात, म्हणजे पावणेसहाला जेट्टीवर. चपला नकोत, बांधायचे बूट घाला. आणि वहिनींना आणणार असाल तर चहा थर्मासमध्ये आणा, त्यांना मधे लागतो.