मास्टर जेवायला गेलेत

हे वाक्य मी गेल्या नोव्हेंबरात चार वेळा ऐकलं. मास्टर म्हणजे रेडिमेड कपडे अल्टर करणारे शिंपी. त्यातलं एक सकाळी साडेअकराला.

डिसेंबरात धाकट्या भावाचं रिसेप्शन होतं आणि मला सूट हवा होता. आयुष्यातला पहिलाच. स्वतःच्या लग्नात भाड्याच्या शेरवानीवर भागवलं होतं. बजेट सात हजार. आधी शिवून घ्यायचं डोक्यात होतं, पण ओळखीच्या शिंप्याने नुसती शिलाईच साडेसहा हजार सांगितली, वर सव्वातीन मीटर कापड आपलं. शिवाय तुळशीची लग्नं लागली की शिंपी तारखेचं नाव काढू देत नाहीत. मग रेडिमेड.

लक्ष्मी रोडवर दोन शनिवार घातले. दुकानात बघायची गोष्ट एकच, खांदा. कंबर, बाही, लांबी यात थोडंफार इकडेतिकडे करता येतं. खांद्याला हात लावायला कोणी तयार होत नाही. कोटाची खांद्यावरची शिवण आपलं हाड संपतं तिथेच संपायला हवी. भिंतीला कडेने टेकून उभं राहायचं. दंडाआधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं, तर कोट मोठा. मी हे ट्रायल रूमबाहेरच करून पाहिलं, तर सेल्समन म्हणाला, "साहेब, पाणी आणू का?"

अडतीसचा नेव्ही ब्लू कोट खांद्यात चोख बसला. पण अडतीसच्या कोटाबरोबर पँट येते बत्तीसची. सेटमध्ये कोटाची छाती आणि पँटची कंबर यांत सहा इंचांचा फरक धरलेला असतो आणि माझी कंबर चौतीस आहे, तीही जेवणाआधी. "सेट फोडता येणार नाही." चाळीसचा घालून पाहिला, पँट बसली, कोट उधार आणल्यासारखा. सेल्समनने पाठीमागून मूठभर कापड चिमटीत धरलं आणि आरशात दाखवलं, "बघा, एकदम फिटिंग!" अशा वेळी त्याला हात सोडायला सांगायचं. मी सांगितलं, कोट पुन्हा लोंबला.

मग बत्तीसची पँट उलटी करून मागची शिवण पाहिली. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, होती. थोडी शिवणीला ठेवून दोन इंच सुटू शकत होते. अडतीसचाच घेतला. छापील किंमत ९,९९९, तीस टक्के सूट, ६,९९९. काउंटरवर कळलं की सवलतीच्या किमतीवर जीएसटी वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या कपड्यांना १२ ऐवजी १८ टक्के लागतो. झाले ८,२५९. हे घालून बघण्याआधी विचारायचं असतं.

खरं रामायण इथून पुढे. भिंतीवर मोठी पाटी होती, 'अल्टरेशन मोफत'.

"मास्टर जेवायला गेलेत, मीच खुणा करतो," असं म्हणून सेल्समनने खडू घेतला. डाव्या बाहीला एक पिन लावली आणि गुलाबी चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती कॉलरला टोचली. "मंगळवारी न्या."

मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून गेलो. तयार नव्हतं. मास्टर जेवायला गेलेले, संध्याकाळी सहाला. शनिवारी मिळालं. घरी घातल्यावर बायको म्हणाली, "अरे, तुझा उजवा हात कुठेय?" डावी बाही मनगटाशी बरोबर थांबत होती, उजवी पंज्यावर आली होती. पँट बसल्यावर श्वास घेऊ देत नव्हती.

रविवारी परत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी कोट टेबलावर पसरला, दोन्ही बाह्या टेपने मोजल्या आणि टेप माझ्यापुढे धरली. दोन्ही सारख्याच होत्या. "बाह्या बरोबर आहेत साहेब, हात वरखाली असतील."

राग आला, पण खरं होतं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरलेला आहे, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कपड्याच्या दुकानात कळलं. बऱ्याच जणांचा असतो म्हणे. म्हणून पिन दोन्ही बाह्यांना लावून घ्यायची. कंबरेचं विचारलं तर, "चिठ्ठीवर एकच इंच आहे." चिठ्ठी मी पाहिली. तो आकडा एक होता, दोन होता की नुसती रेघ, देव जाणे.

"मग मास्टरांनाच भेटतो."

"मास्टर जेवायला गेलेत." सकाळचे साडेअकरा ते हेच.

बाहेर स्कूटरपाशी कपड्यांची बोचकी बांधणाऱ्या पोराने शेवटी सांगून टाकलं, "काका, मास्टर इथे बसतच नाहीत." चार-पाच दुकानांचं काम एकाच माणसाकडे जातं. पत्ता शुक्रवार पेठेतला, जुन्या वाड्याचा लाकडी जिना चढून वर. गेलो, तर मास्टर खरोखरच जेवत होते. मी गॅलरीत थांबलो.

हात धुऊन त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "घाला." मी टी-शर्टवर कोट चढवायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या, आणि समारंभाला घालणार तेच बूट. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा; शर्टच नसेल तर मोजायचं कशावरून? पँटची उंचीही दुकानात माझ्या चपलेवर घेतली होती. (हे मी सर्वात आधी लिहायला हवं होतं.)

संध्याकाळी शर्ट-बूट घालून पुन्हा जिना चढलो. त्यांनी मला हात सैल सोडून उभं केलं आणि पाच मिनिटं नुसतं बघितलं. म्हणाले, "आमच्याकडे चिठ्ठी येते, माणूस येत नाही." उजवी बाही अर्धा इंच वर घेतली, बटणं त्याच हिशेबाने सरकवली. बटणं नुसती शोभेची होती म्हणून जमलं. खरी काजं असती तर बाही मुंढ्याकडून, म्हणजे खांद्याच्या जोडाकडून, उसवावी लागली असती आणि ते काम महागात जातं. पँटची माया पूर्ण सोडली. जाता जाता ब्लेडने बाहीवरचं कंपनीचं लेबल काढलं आणि मागच्या फटीवरचा पांढऱ्या दोऱ्याचा फुलीसारखा टाकाही. लोक तो तसाच ठेवून स्टेजवर चढतात म्हणाले.

तीनशे रुपये घेतले. मोफतपेक्षा स्वस्त पडलं.

कोटाचे खिसेही दुकानातून येताना टाके घालून बंद केलेले असतात. ते मात्र आम्ही दोघंही विसरलो. रिसेप्शनला थोरल्या मावशीने आहेराचं पाकीट हातात ठेवलं, तेव्हा मी छातीपासून खालपर्यंत खिसा चाचपत राहिलो. शेवटी पाकिटं पँटच्या खिशात कोंबली. दोन इंच सोडवून घेतल्यामुळे मावली.