महाप्रसादाचं तिकीट आणि लंगरची चटई

यंदाही इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाची नोंदणी दोन आठवडे आधीच बंद झाली. ताटामागे 12 पाउंड, पाच वर्षांखालची मुलं फुकट, आयत्या वेळी येणाऱ्यांना प्रवेश नाही. मंडळावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. हॉलचं भाडं, विमा, आचाऱ्याचं बिल, सगळं चार-पाच जणांच्या अंगावर पडतं आणि ती माणसं नोकऱ्या सांभाळून हे करतात. पण प्रसादाला तिकीट, हे माझ्या नांदेडच्या डोक्यात काही केल्या बसत नाही. मग त्या रविवारी मी सरळ गुरुद्वारात जाऊन लंगरमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांसाठी फुकट असलेल्या पंगतीत, जेवले आणि वर ग्रुपवर सांगितलंही. थोडा खोडसाळपणा होता त्यात. तेव्हापासून गुरुद्वाराबद्दल मैत्रिणींचे खासगीत प्रश्न येताहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला राहते. 2021 च्या जनगणनेत या शहरातले साधारण 12 टक्के लोक शीख होते, म्हणजे गुरुद्वारा शोधायला नकाशा लागत नाही. पण इथला पगडीचा इतिहास सुखाचा नाही. 1967 मध्ये तरसेमसिंग संधू हा बसचालक आजारपणाच्या रजेनंतर दाढी-पगडीसह कामावर आला आणि बसवाल्यांना दाढी-पगडीची बंदी म्हणून त्याला घरी पाठवलं गेलं. मोर्चे निघाले, एका शीख नेत्याने स्वतःला जाळून घेण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे एप्रिल 1969 मध्ये ती बंदी उठली. आज त्याच शहरात पगडीवाला चालक दिसला तर कुणी मान वळवूनही बघत नाही. पुढे 1976 मध्ये मोटारसायकलवर हेल्मेटऐवजी पगडी चालेल असा कायदाच झाला. हे सगळं मला माझ्या ऑफिसातल्या लोकांना समजावून सांगावं लागतं, कारण भारतीय दिसलं की शीख धर्माची चौकशी आमच्याच टेबलावर येते. ‘तुमच्यात पगडी नसते का?’ असती हो, लग्नात फेटा असतो, पण ते सांगत बसलं तर जेवणाची सुट्टी संपते.

‘आपल्याला आत घेतात का?’ हा पहिला प्रश्न. घेतात. जात, धर्म, पासपोर्ट, कुणी काही विचारत नाही. डोकं झाकायचं (दारात रुमालांची टोपली असते), चपला काढायच्या, हात धुवायचे. गुरू ग्रंथ साहिबसमोर माथा टेकून खाली बसायचं, पाय ग्रंथाच्या दिशेला पसरायचे नाहीत. कडाह प्रसाद देतील तो दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. कणीक, तूप आणि साखर समसमान, त्यामुळे हाताला तूप लागणारच. पांढरा कुडता घालून जाऊ नका.

‘आपलं काय काम तिथे?’ असं एकीने विचारलं तेव्हा मात्र मी जरा ताठ झाले. त्या 1430 पानांच्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. रागी, म्हणजे गुरुद्वारातले गायक, कीर्तनात ती गातात, आणि समोर बसलेली पंजाबी आजी डोळे मिटून ऐकते. नामदेव तिचेही आहेत, पंढरपूर तिने बघितलेलंही नसेल. 2015 चं मराठी साहित्य संमेलन नामदेव जिथे राहिले त्या पंजाबातल्या घुमानला भरलं ते काही उगाच नाही. आणि दहावे गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये आमच्या नांदेडला गोदाकाठी ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी, एक तिथे आहे, हजूर साहिब. त्यामुळे इथल्या गुरुद्वारात मी स्वतःला पाहुणी समजत नाही. नांदेड म्हटलं की लोक ‘हजूर साहिब!’ म्हणून हात जोडतात, आणि तो मान मी निमूट स्वीकारते. मी तिथे फक्त शाळेत गेले, हे सांगायची गरज नसते.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पुढच्या प्रश्नावर. तो नेहमी रात्री उशिरा येतो आणि आडून येतो: ‘अगं, अडचण असेल तर चालतं का?’

चालतं. कुणी विचारत नाही आणि कुणाला सांगायचंही नसतं. माथा टेका, प्रसाद घ्या, लंगरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटा. गुरू ग्रंथ साहिबातल्या ‘आसा दी वार’ या रचनेत गुरू नानक म्हणतात की सुतक मानायचंच ठरवलं तर ते सगळीकडेच मानावं लागेल, कारण गोवऱ्यांत आणि सरपणातही किडे असतात. पाचशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं. आणि आम्ही, इंग्लंडमध्ये, उच्चशिक्षित, मॉर्गेज फेडणाऱ्या बायका, गौरीच्या दिवशी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलतो! मीही सासूबाईंचं मन राखते, त्या इथे असल्या की देवघरात जात नाही. वाद घालून घरातला सण नासवण्यापेक्षा तीन दिवस बाजूला बसणं मला परवडतं. असो. फार कौतुक नको म्हणून हेही सांगते की अमृतसरच्या दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, अगदी आतल्या गाभाऱ्यात, बायकांना कीर्तनाची सेवा मिळावी म्हणून 2019 मध्ये पंजाबच्या विधानसभेला ठराव करावा लागला. ग्रंथ पुढे आणि माणसं मागे, हे सगळीकडचंच आहे.

‘त्यांच्याकडे चिकन चालतं ना?’ शीख घरांत काही जण खातात, काही शिवतही नाहीत, अमृतधारींना, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांना, हलाल वर्ज्य. पण लंगर कायम शाकाहारी, कारण कुणालाही बसता आलं पाहिजे. डाळ, भाजी, पोळी, खीर. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, एका हाताने ओढून नाही. ताटात टाकायचं नाही.

कुठे बसायचं, यावरूनही मोठी भांडणं झालेली आहेत. परदेशातल्या बऱ्याच गुरुद्वारांत टेबलखुर्च्या आल्या होत्या. 1998 मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च पीठाने, हुकूम काढला की लंगर जमिनीवर बसूनच घ्यायचा, आणि टेबलखुर्च्यांच्या या वादात कॅनडात तर प्रकरण हातघाईवरही गेलं. मला ते वाचताना हसू आलं होतं. मग सासूबाई आल्या. दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेला, तरी भिंतीकडेच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, ‘वर बसून पंगत होत असती का?’ आणि चटईवर बसल्या. उठवायला आम्ही दोघं आणि एक सेवादार (तिथला स्वयंसेवक) लागला. शेजारी कामगाराच्या पिवळ्या जाकिटातला एक गोरा मुलगा जेवत होता, पलीकडे डॉक्टर बाई. त्या मुलाला सासूबाईंनी हाताच्या खुणेने आणखी खीर घ्यायला लावली, जणू लग्न त्यांच्याच घरचं होतं.

‘पैसे किती टाकायचे?’ ठरलेलं काही नाही. गोलकेत (दानपेटीत) टाकलं तर टाकलं, कुणी बघत नाही. शिखांनी मिळकतीचा दहावा भाग द्यायचा, त्याला दसवंध म्हणतात, आणि सगळा गाडा त्यावर आणि हातांवर चालतो. इथे मला आपल्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटते. फुकट जेवू घालायची रीत आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. अक्कलकोटचं अन्नछत्र बघा, वारीत वारकऱ्याला वाटेवरची गावं जेवू घालतात ते बघा. आपण ते इथे आणलं नाही, एवढंच. हे पंजाबी 1960 च्या दशकात इथल्या भट्ट्यांमध्ये ओतकाम करायला आले, एका खोलीत पाळीपाळीने झोपले आणि आधी गुरुद्वारा उभारला. आम्ही व्हिसा घेऊन आलो, आधी घर घेतलं, मग गाडी, आणि देवासाठी वर्षातून एकदा शाळेचा हॉल भाड्याने घेतो. आमची संख्या कमी, वेळही कमी, हे खरं आहे. हेही खरं आहे की मंडळाच्या स्वयंपाकाला हात लावायला बोलावलं तेव्हा मी शिफ्टचं कारण सांगितलं होतं, आणि गुरुद्वारात मात्र भांडी घासायला उभी राहते. तिथे यादीत नाव लिहावं लागत नाही, पदर खोचायचा आणि नळ सोडायचा.

राहिला कृपाणाचा, म्हणजे शिखांच्या धार्मिक खंजिराचा प्रश्न, तो ऑफिसातून येतो. इथल्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावर बंदी आहे, पण धार्मिक कारण मान्य आहे, त्यामुळे अमृतधारी शीख ते बाळगू शकतो. तुम्ही ते बघायला मागू नका, कुणाच्या जानव्याला हात लावून बघत नाही आपण.

आणि नवऱ्यांसाठी. शिखांत तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. सिगारेट असो की गावाहून आलेली मळायची पुडी, घरीच ठेवून या. गाडीत ठेवतो म्हणू नका, पार्किंगही गुरुद्वाराचंच आहे.