अंगणात दोन गाड्या: आधी टाकी बघा, मग ब्लॉक

जुन्या बंगल्याच्या पुढच्या अंगणात भाडेकरूंच्या दोन गाड्यांची सोय करायची, तर पेव्हर ब्लॉकचा रंग ठरवण्याआधी जमिनीखालची पाण्याची टाकी कुठवर पसरली आहे ते बघा. ती बहुधा तिथेच असते आणि तिचा स्लॅब माणसं चालण्यापुरताच टाकलेला असतो. हजार-बाराशे किलोची गाडी रोज चढली की आधी बारीक चीर जाते, मग पावसाचं गढूळ पाणी टाकीत उतरतं. चाकं तिच्यावरून जाणारच असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. चेंबरचं हलकं झाकणही बदला. १० टन भार पेलणारं घ्या.

एका गाडीला २.५ बाय ५ मीटर लागतात. भिंतीच्या कडेला ३ मीटर धरा, नाहीतर दार उघडून उतरता येत नाही. दोन्ही गाड्यांना मिळून सुमारे ३०० चौरस फूट.

पेव्हर खचतात ते खालच्या थरांमुळे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती दीड फूट तरी काढा. एक फूट मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, दाबून. दाबल्यावरचे ३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), म्हणजे मागवायचा पावणेचार. एकदम फूटभर ओतून वर प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचं यंत्र) फिरवला, तर खालचा निम्मा थर पोकळच राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकांच्या दोन पट्ट्या खाली बसतात. त्यावर सहा इंच खडी, मग दीड इंच क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. ती अर्धा ब्रास पुरते.

कारला ६० मिलिमीटरचे, एम-३५ ग्रेडचे (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) ब्लॉक चालतात. पाण्याचा टँकर आत येत असेल तर मात्र ८० मिलिमीटरचेच. कडेला काँक्रीटचा कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवणारी कड, हवाच. नसेल तर खालची सँड बाजूने निसटते आणि कडेचे ब्लॉक सुटतात. ठेकेदार वाचवतो तो नेमका हाच खर्च.

उतार जोत्यापासून फाटकाकडे, ५ मीटरला ४ इंच. फाटकाशी जाळीचा चर काढून पाणी शोषखड्ड्यात सोडा. रस्त्याकडेची गटार रॅम्पखाली काँक्रीटने बुजवू नका, आणि फुटपाथ उतरवायचा असेल तर आधी महापालिकेची परवानगी.

ब्लॉक बसवण्याआधी चार्जिंगच्या वायरसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवा. प्रत्येक जागेला नंबर रंगवा आणि तोच नंबर भाडेकरारात लिहा. पाहुण्यांची गाडी कुठे, तेही तिथेच.