लिहायचं ‘पोग’, पण ‘ग’ म्हणायचा नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटात, सेंट पॉलच्या शनिवारच्या बाजारात लेकीबरोबर पहिल्यांदा गेले ते कोथिंबिरीसाठी. आता एकटी जाते. इथले कितीतरी भाजीवाले ह्मोंग आहेत, लाओसच्या डोंगराळ भागातून आलेल्या समाजातले. १९७५ साली लाओसमधलं राज्य पालटलं आणि अमेरिकेच्या बाजूनं लढलेल्या ह्मोंगांना घरदार सोडून, मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांमध्ये जावं लागलं. तिथून पुष्कळजण पुढे मिनेसोटात आले. माझी नेहमीची भाजीवाली साधारण माझ्याच वयाची. तिला इंग्रजी बेताचं, मला ह्मोंग अजिबात येत नाही. आमच्या मध्ये तिची शाळकरी नात.

जुलैमध्ये एकदा मी नातीला विचारलं, “आजीला तुमच्यात काय म्हणतात?” तिनं हिशेबाच्या वहीच्या कोपऱ्यात रोमन अक्षरं लिहिली: पी, ओ, जी. मी वाचलं, “पोग.” दोघी खुदकन हसल्या. “जी म्हणायचा नाही,” ती म्हणाली, “आवाज कसा काढायचा ते सांगायला आहे तो.” मग आजीनं स्वतः म्हणून दाखवलं: “पॉ.” खालच्या पट्टीत, श्वास सोडत. ‘म्हातारी’तला ‘म्ह’ म्हणताना आपला श्वास सुटतो ना, तसा. ही वडिलांची आई. आईच्या आईला वेगळा शब्द आहे.

शेवटी बी लिहिला की तोच ‘पॉ’ उंच पट्टीत जातो आणि अर्थ होतो गोळा. जे लिहिला तर मादी, व्ही लिहिला तर फेकणं, एस लिहिला तर काटा, एम लिहिला तर दिसणं. १९५१ ते ५३ च्या सुमारास लाओसमधल्या मिशनऱ्यांनी ही लेखनपद्धत बसवली. ह्मोंग शब्दाच्या शेवटी व्यंजन जवळजवळ येतच नाही, म्हणून ती सगळी अक्षरं सूर दाखवायला मोकळी सापडली. ‘ह्मोंग’ हा शब्दही ते शेवटी बी लावून लिहितात. त्या बीचा अर्थ एवढाच, की आवाज वर ठेवा.

घरी आले की दुसरी भाषा. लेकीची शेजारीण लिथुआनियातल्या काउनासची. मुलगा भाषा विसरू नये म्हणून तिनं फ्रिजवर एक तक्ता लावलाय. लांडग्याची रूपं: विल्कस, विल्को, विल्कुइ, विल्कां, विल्कु, विल्के. एकतीस वर्षं सांगलीत मुलांकडून ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेतलेली मी त्या फ्रिजसमोर उभी राहिले, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. विल्कस म्हणजे आपला वृकः. आपण जिथे विसर्ग देतो तिथे त्यांनी मूळचा ‘स’ अजून धरून ठेवलाय. मुलगा म्हणजे सूनुस, आपला सूनुः. (मराठीतली सून मात्र स्नुषेवरून आली, तिचा याच्याशी घोळ घालू नये.) पुरुष म्हणजे वीरस, धूर म्हणजे दूमस, देव म्हणजे दिएवस, मेंढी म्हणजे अविस. विभक्ती सात, संबोधन धरून. पंचमी वेगळी उरली नाही, पण षष्ठीतलं ‘विल्को’ हे रूप मूळचं जुन्या पंचमीचं, म्हणजे वृकात्‌चं भावंड.

द्वितीयेच्या ‘विल्कां’त शेवटच्या ए अक्षराखाली एक छोटी शेपटी काढतात. वृकम्‌मधला ‘म्’ आधी नाकात गेला, मग नाकातूनही गेला आणि नुसता दीर्घ स्वर राहिला. शेपटी मात्र लिहितातच. आपल्याकडे ‘घरीं’, ‘केलें’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढून टाकले. माझे वडील शेवटपर्यंत पत्रात ते देत असत. ती शेपटी पाहिली आणि त्यांचं अक्षर डोळ्यांसमोर आलं.

साहजिकच माझा जीव लिथुआनियनकडे ओढ घेत होता. ह्मोंगमध्ये विभक्ती नाही, काळ-पुरुषानुसार क्रियापद बदलत नाही, हे कळल्यावर मी मनात म्हणून गेले, की इथे व्याकरण असं फारसं नाहीच. ते माझं चुकलं.

चूक उमगली ती ‘न्ताउ’ या शब्दानं. न्ताउ म्हणजे कागद, अक्षर, लिहिलेलं काहीही. नातीनं सांगितलं, नुसतं न्ताउ म्हणून भागत नाही, आधी एक छोटा शब्द लागतो. चपट्या वस्तूचा ‘दाइ’ लावला की कागदाचा ताव. ‘फाउ’ लावला की पुस्तक. ‘चा’ लावला की धाडायचं पत्र. ‘तु’ लावला की एकेक अक्षर. हाच ‘तु’ कुत्र्यालाही लागतो, घराला ‘लु’. मराठीत याची पुसट खूण आहे: माणसं मोजताना आपण दोन जण, चार जणी म्हणतो, आंबे मोजताना नाही म्हणत. पण आपण ती वाट जराशी चालून सोडून दिली, ह्मोंग लोकांनी तिचा हमरस्ता केला. जे काम लिथुआनियन शब्दाच्या शेपटाकडून करून घेते, त्यातलं बरंचसं इथे शब्दांच्या क्रमावर सोपवलेलं असतं, आणि वस्तूचा आकार-प्रकार शब्दाच्या आधी येऊन उभा राहतो. मी ते शेपटात शोधत होते, म्हणून मला सापडलं नाही.

याच न्ताउवरून एक पदवी आहे: न्या न्ताउ, लेखनाची आई. ती मिळाली एका पुरुषाला, शाँग लु यांग यांना. लिहितावाचता न येणाऱ्या या शेतकऱ्यानं १९५९ मध्ये आपल्या भाषेसाठी पाहाव ही स्वतंत्र लिपी घडवली. तिच्यात स्वराचं चिन्ह आधी लिहितात आणि व्यंजनाचं नंतर, पण म्हणताना व्यंजन आधी. आपली पहिली वेलांटी अशीच अक्षराच्या आधी बसते, पण आपल्याकडे ती एकटीच. १९७१ मध्ये यांग यांची हत्या झाली. २०१४ साली पाहाव युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक यादीत, आली.

शेजारणीला हे सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम खाली ठेवलं. तिच्या देशात १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारच्या राजवटीनं रोमन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती. पुस्तकं सरहद्दीपलीकडच्या पूर्व प्रशियात छापायची आणि रात्री पाठीवर बांधून सरहद्द ओलांडायची. असं करणाऱ्यांना क्निगनेशिस म्हणतात, पुस्तकं वाहून नेणारा. पकडले गेलेले सैबेरियाला गेले. “ते नसते तर माझ्या फ्रिजवर तक्ता नसता,” ती म्हणाली.

गेल्या शनिवारी भाजीवालीच्या नातीनं वही माझ्यापुढे केली. “तुमच्यात आजीला काय म्हणतात?” मी म्हटलं, “आजी.” तिनं लिहायला घेतलं आणि थांबली. “सूर कुठला?” मी म्हटलं, आमच्यात सूर नसतो. ते तिला पटेना. तिनं माझ्याकडून ‘आजी’ तीनदा म्हणवून घेतलं, स्वतः पुटपुटून पाहिलं, आजीला विचारलं. आजीनं डोळे मिटून ऐकलं आणि हात आडवा, छातीच्या उंचीवर धरला. मधला सूर. त्याला शेवटी कुठलंच अक्षर लागत नाही.