काब द रामचा किल्ला आणि आगोंदचा किनारा: एका दिवसात

मडगावहून आसोळणें, बेतूल करत किनाऱ्याच्या रस्त्याने आजची फेरी झाली. वळणं आंधळी आहेत, तिथे हॉर्न द्यायलाच हवा. मुलांना गाडी लागत असेल तर निघण्याआधी पोटभर खायला घालू नका.

किल्ला आधी सौंदेकर राजांचा (सौंदे म्हणजे आजच्या कर्नाटकातलं जुनं राज्य), 1763 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि 1955 पर्यंत तिथे तुरुंग होता. आत पांढरंशुभ्र सांत आंतोनचं चर्च अजून नांदतं आहे. बाकी सगळा जांभा. हात लावून बघा, सगळ्या दगडाला बोट जाईल एवढी भोकं, त्यांत पाणी मुरतं, शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. म्हणून चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. कड्याला कठडे नाहीत आणि कडेचा दगड कधीही सुटू शकतो. मुलांचा हात सोडू नका, फोटोसाठीसुद्धा नाही! माणशी दीड लिटर पाणी सोबत घ्या.

उन्हं कलली की आगोंद गाठा. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरूच नका. नोव्हेंबरपासून इथे कासवं अंडी घालायला येतात. अंधार पडल्यावर वाळूत टॉर्च मारू नका, उजेडाने ती बिचारी भलतीकडेच जातात.